वर आलेली जमीन

“दारांचं मेंटेनन्स तुझ्याकडे, पोपट. सही कर इथे.” मॅनेजर हितेशने कागद पुढे सरकवला.

दार नीट न बसवल्यामुळे अडकलं आणि रॅकखाली सापडलेल्या हमाल सदूला बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली, असं त्यात लिहिलं होतं. रॅक मुळात का कोसळला, याबद्दल एक ओळ नव्हती.

पोपट वाघमारे एकोणीस वर्षं जासईजवळच्या त्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजची दारं सांभाळत होता. उणे वीस अंशांत काम करून त्याच्या बोटांची टोकं कायमची बधिर झाली होती. वर्षापूर्वी तीन नंबरच्या खोलीचं दार पहिल्यांदा जमिनीला घासलं, तेव्हा त्यानं लेव्हल लावून पाहिली. दार जागच्या जागी होतं.

“साहेब, दार खाली नाय आलं. जमीन वर आलीय.”

“जमीन कधी वर येते काय रे? खालचं रबर काप आणि विषय संपव.”

त्यानं तीनदा रबर कापलं, तीनदा सांगितलं. मग गेल्या मंगळवारी दुपारी फुगलेल्या जमिनीवरचा रॅक कलला आणि टनभर सुरमई सदूच्या पायावर आली. दार अर्ध्यातच रुतलं. पोपटनं पहारीनं ते उचकटलं, तेव्हा आत सदू ओरडायचाही थांबला होता.

“माझं दार सरळ होतं, साहेब. वाकडी तुमची जमीन हाय. सही नाय करणार.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

बाहेर पडताना त्याला क्षिप्रा भेटली. विमा कंपनीनं पाठवलेली ही तरुण इंजिनिअर भिंतीलगत काहीतरी शोधत होती.

“काका, फरशीखालून हवा जायला पाइप असतात. त्यांची तोंडं कुठायत?”

पोपटनं तिला मागच्या अंगाला नेलं. ट्रकसाठी जागा वाढवताना तिथे सरसकट काँक्रीट ओतलं होतं. पाइपांची तोंडं त्याखाली बुजली आहेत, हे क्षिप्राच्या लक्षात आलं.

“हवा बंद झाली की खालची माती गोठते, फुगते आणि फरशी उचलते. तुमचं बरोबर होतं, काका.”

“बरोबर असून काय करू, मॅडम? पाय तर सदूचा गेला.”

तिनं अहवालात तसंच लिहिलं. कोल्ड स्टोरेजच्या कंपनीनं निमूटपणे फरशी फोडायला घेतली. पोपटला मात्र कुणी परत बोलावलं नाही, आणि त्याच्यावरचा ठपकाही तसाच राहिला.

फोडकाम सुरू झालं त्या दिवशी तो गेटबाहेर उभा होता. डंपरमधून मातीचं एक ढेकूळ रस्त्यावर पडलं. भर उन्हात त्यातला बर्फ चमकत होता. पोपटनं ते गोणपाटात गुंडाळलं आणि गावात सदूच्या घरी नेलं. सदू ओट्यावर बसला होता. लेंग्याचा एक पाय गुडघ्यापाशी दुमडलेला.

“यानं रॅक पाडला,” पोपट म्हणाला.

सदूनं ढेकूळ दोन्ही हातांत घेतलं.

“कंपनीवाले सांगतात, मीच रॅकला ट्रॉली ठोकली. घरातल्यांनापन तसंच वाटतं.” मग आत वळून तो बायकोला ओरडला, “पुतळा, बाहेर ये गो! बघ ही माती!”

पुतळा हात पुसत येईपर्यंत ढेकूळ वितळून सुटलं होतं. सदूच्या बोटांतून गढूळ पाणी ठिबकत होतं. तरी त्यानं ओंजळ तशीच पुढे धरून ठेवली.