समाईक भिंत

आदेश चौथीत माझ्या वर्गात होता, तेव्हा चुकलेलं गणित खोडत नसे. वहीचं मागचं पान फाडून, भाताची शितं लावून ते चुकीवर चिकटवायचा आणि त्या कोऱ्या पानावर तेच गणित पुन्हा चुकवायचा. आता तो चाळिशीला आलाय, नात्यानं माझा पुतण्या आहे, आणि मोबाइल बघून बघून त्याला सगळं बांधकाम येतं, असं पिंपळवंडीत तोच सांगत असतो.

आमचं घर एकच होतं. भाऊ-भाऊ वेगळे झाले तेव्हा मधोमध विटांची भिंत उभी राहिली. अलीकडे आम्ही, पलीकडे आदेशचे वडील. भिंत मात्र समाईक. आमच्या बाजूला मी काळा रंग देऊन फळा केला. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता त्या फळ्यासमोर चौदा मुलं बसायची.

श्रावणात फळ्याखालचं प्लास्टर फुगलं. आदेश पुट्टीचं पोतं घेऊन आला.

"काकू, हे वॉटरप्रूफ हाय. दहा वर्सं बघायचं काम न्हाई."

"ओल कशानं आली, ते बघितलंस का?"

"ते बघून काय करायचं? वरनं बंद केलं की झालं."

मी त्याला करू दिलं. चुकू दिल्याशिवाय आदेश कधीच काही शिकला नाही. तसा चुकूनही शिकला नाही, हे मी विसरले होते. दिवाळीच्या आधी ती दहा वर्षांची पुट्टी पापडासारखी सुटली आणि तिचा तळहाताएवढा तुकडा श्रेयाच्या वहीवर पडला. वहीला काही झालं नाही. श्रेया तर हसत होती. पण संध्याकाळपर्यंत आदेशनं गिरणीपासून दूध डेअरीपर्यंत सांगून टाकलं की काकूंची भिंत पायापासून गेलीय, कधीही पोरांवर येईल.

दुसऱ्या दिवशी श्रेयाचे वडील बाळासाहेब दारातच उभे राहिले.

"बाई, तुमी शिकवता ते लई चांगलं. पण भिंतच अंगावर आली तर काय करायचं?"

चौदाची पाच मुलं राहिली. त्यांत आदेशची समृद्धी होती, कारण बापाचं न ऐकण्याइतकी ती हुशार आहे.

मग आदेश खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"भिंत पाडून टाकू, काकू. दोन्ही खोल्या एक करायच्या, रस्त्याच्या अंगाला शटर काढायचं. दुकानाला तुमचंच नाव देतो. प्रयाग मोबाइल."

तेहतीस वर्षं शिकवल्यावर हा सन्मान राहिला होता.

"आणि मुलं कुठं बसायची?"

"पोरं आता मोबाइलवर शिकत्यात. तुमाला कशाला पायजे ही कटकट? नायतरी ओल तुमच्यामुळंच हाय. रोज फळा वल्ल्या फडक्यानं पुसता. सोमवारी नारायणगावचा ब्रेकरवाला येतोय, सांगून ठेवलंय मी."

माझ्या घरात माणूस बोलावून मला तारीख सांगत होता. मी एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत थांब. माझ्या मुलांना आधी भिंत बघू दे."

"बघा, बघा," आदेश हसत उठला. "इंजिनियरच हायेत ती."

गुरुवारी मी पाचही मुलांना भिंतीसमोर बसवलं आणि म्हटलं, कोणी काही सांगायचं नाही, आधी फक्त बघायचं. मुलांना बघायला वेळ दिला की ती बघतात. मोठ्या माणसांचं तसं नसतं, त्यांना आधी बोलायचं असतं.

बऱ्याच वेळानं समृद्धी म्हणाली, "बाई, फळा वर हाय आणि ओल खाली हाय. फळा तर कोरडा हाय."

"बरं. आणखी?"

"ओल वर सरळ रेघेत थांबलीया. पट्टीनं मारल्यासारखी."

आम्ही मोजलं. जमिनीपासून साडेतीन फूट. भिंतीच्या या टोकाला साडेतीन, त्या टोकालाही साडेतीन. जमिनीतून चढलेली ओल अशी पट्टी धरून थांबते का, असं मी विचारलं. पाचही जणांनी माना हलवल्या.

मग दुधाच्या पिशव्या धुऊन, पुसून, कापल्या. त्यांचे चौकोन भिंतीवर ठेवले आणि चारही कडांना चिकटपट्टी लावली. पाणी हवेतून येत असेल तर थेंब प्लास्टिकच्या बाहेर दिसतील, भिंतीतून येत असेल तर आत. दोन दिवस कोणी हात लावायचा नाही. समृद्धीनं एक चौकोन जास्तीचा मागून घेतला. "आमच्या बाजूनं पण लावते," म्हणाली. मला हे सुचलं नव्हतं.

पाच मिनिटांत ती चौकोन तसाच घेऊन परत आली.

"बाई, आमच्याकडं भिंत दिसतच न्हाई. पोती हायेत."

"कसली?"

"खताची. पप्पांनी मागच्या साली आणून ठेवलीत. मिळत न्हाई म्हणून. खालची फुटलीत, त्यातनं पाणी गळतंय."

"किती उंच लावलीत?"

तिनं स्वतःच्या गळ्याशी हात धरला, मग आमच्या भिंतीवरच्या रेघेशी जाऊन उभी राहिली. रेघ तिच्या गळ्याशी आली.

मी आदेशकडे गेले नाही. फळ्यावर फक्त तीन चित्रं काढली: पोती, भिंत, ओल. बाणाची दिशा मुलांनी ठरवली.

रविवारी गेणू गवंड्याला बोलावलं. वय झालं, तरी त्याचा हात सरळ आहे. वाटणीच्या वेळी ही भिंत त्यानंच बांधली होती. त्यानं थापीच्या मुठीनं भिंत वरपासून खालपर्यंत वाजवली, मग सुटलेलं प्लास्टर काढलं. विटांवर पांढरी बुरशी असावी तसा थर होता. तो बोटावर घेऊन त्यानं जिभेला लावला आणि थुंकला. मुलांचे हात पुढे आले होते, ते मी मागे घ्यायला लावले.

तेवढ्यात बाळासाहेब श्रेयाची राहिलेली पाटी न्यायला आले आणि आदेशही पाहायला आला.

"काय गेणूमामा, गेली ना भिंत पायापास्नं?"

"पाया तुजा गेलाय," गेणू म्हणाला. "भिंत माजी हाय, ती कशाला जाती? हा खताचा खार हाय. कुणी ढीग मारलाय पलीकडं?"

आदेश फळ्यावरच्या चित्रांकडे पाहत राहिला. समृद्धी बापाकडे पाहत होती.

"खत हवेतलं पाणी वढतंय राव, हे शेतकऱ्याला कळंना?" गेणू बाळासाहेबांकडे वळला. "गाय चाटल मीठ, तशी वीट चाटतीया. वरनं ह्यानं पुट्टी थापली, म्हंजी आतलं आतच. म्हैस बांदायची तरी भिंतीपास्नं चार बोटं लांब बांदत्यात."

मी दुधाच्या पिशवीचा एक चौकोन सोडवला आणि आदेशच्या हातात दिला. आतल्या अंगाला थेंब होते.

"आदेश, कुठल्या बाजूनं?"

तो चाळीस वर्षांचा माणूस चौथीतल्यासारखा पुटपुटला, "आतल्या."

"मोठ्यानं."

"आतल्या बाजूनं, काकू."

बाळासाहेबांनी पाटी परत खिळ्याला अडकवली. "मग गेणूमामा, भिंत पडायची न्हाई ना?" त्यांनी मला नाही, गेणूला विचारलं. गेणूनं उत्तर म्हणून विटांवर पाठ टेकली आणि तंबाखू मळायला घेतली.

ब्रेकरवाल्याला आदेशनं फोन केला. माझ्यासमोर, मी सांगितलं म्हणून.

गेणूनं साडेतीन फुटांपर्यंतचं सगळं प्लास्टर काढलं. जुन्या वह्यांची पानं भिजवून मुलांनी लगदा केला, गेणूनं त्यात चिकणमाती कालवून विटांवर थापली. सुकली की काढायची, पुन्हा नवी थापायची. माती खार ओढून घेते. तीन वेळा केलं. विटा अजून उघड्याच आहेत. उन्हाळाभर वाळतील, मग चुन्याचं प्लास्टर होईल. आदेश विचारतो, "एवढा टाइम कशाला?" मी सांगते. तो पुन्हा विचारतो. मीही पुन्हा सांगते.

गेलेली नऊ मुलं परत आली, दोन नवीनही आली. फळा वर शाबूत आहे, खाली उघड्या विटा. मुलं त्या विटांवर बेरजा शिकतात, ओळींत मोजायला सोप्या जातात.

आदेशनं पोती हलवली, त्याच आठवड्यात. काल समृद्धी वर्ग सुटल्यावर रेंगाळली.

"बाई, चिकटपट्टी हाय का?"

"कशाला गं?"

"पप्पांनी पोती सैपाकघराच्या भिंतीला लावलीत."

मी तिला सबंध रीळ देऊन टाकलं.