फाडलेली पट्टी

बावीस वर्षं मी ईसीजी काढते. माझा कागद डॉक्टरांकडे जातो तो आरशासारखा स्वच्छ. रुग्ण हलला, वायर सैल झाली, रेघ बिघडली, की पट्टी फाडायची आणि दुसरी काढायची. नव्या मुलींनाही मी हेच शिकवते, नाक वर करून.

त्या दिवशी वन्स आल्या. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राईचा पर्वत करण्यात पटाईत, असं माझं जुनं मत. चक्कर येते म्हणत होत्या. बाहेर बाकावर अकरा जण ताटकळत होते. मी वायरी चिकटवत असताना त्यांनी विचारलं, "अगं, ह्यात कळतं तरी काय?"

"हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज सुटते," मी रोजचा पाढा म्हटला. "तिचं कागदावर छोटं टेकाड उमटतं. मधल्या चौकीवर ती क्षणभर थांबते, मग खाली जाते आणि ठोका पडतो. त्याचं उंच टोक. आता बोलू नका, हलू नका."

टेकाड, टोक. टेकाड, टोक. मग टेकाड, टेकाड, टेकाड, आणि टोकाचा पत्ताच नाही. वन्सनी डोळे मिटले. चार सेकंदांनी टोकं परत आली.

"हलू नका म्हटलं ना! इथे तरी नाटकं नकोत," मी खेकसले. पट्टी फाडून ॲप्रनच्या खिशात कोंबली. दुसरी सुरेख आली, ती पाठवली. जेवताना घरी वन्सच्या डोळे मिटण्याची नक्कलही करून दाखवली. सगळे हसले.

वायर सुटली असती तर टेकाडंही बिघडली असती. ती तर सारख्या अंतरावर नीट उभी होती. हे न कळायला मी काही काल कामाला लागलेली नव्हते. मला कळून घ्यायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वन्स जिन्यावरून कोसळल्या. मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके पडले. वॉर्डात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परवाचा ईसीजी चांगला आहे, आजचाही. पाय घसरला असेल. उद्या घरी जा."

"परवाचा आमच्या भावजयीने काढलाय," वन्स म्हणाल्या. "तिचं काम चोख असतं."

माझा हात ॲप्रनच्या खिशात गेला. खिशात ती पट्टी होती. तिच्या मागे मी सामानाची यादी लिहिली होती, साबण, काड्यापेटी, बटाटे. ती चुरगाळून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. माझी अब्रू शाबूत, आणि वन्स उद्या त्याच जिन्यापाशी. असा विचार मी खरंच केला. त्याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या तेव्हा कुठे तोंड उघडलं. "डॉक्टर, ही पहिली पट्टी. मी फाडली होती."

त्यांनी बोटाने टेकाडं मोजली. "वरून वीज सुटतेय, खाली पोचत नाहीये. पेसमेकर बसवावा लागेल. यांना घरी सोडायचं नाही." मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वन्सनी बरा हात पुढे करून पट्टी मागून घेतली. आधी यादी वाचली, मग उलटून ती रेघ पाहिली.

"म्हणजे मी हलले नव्हते."

"नाही, वन्स."

"मग घरी तूच सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या कानावर आलंय. ज्यांच्यापुढे माझी नक्कल केलीस, त्या सगळ्यांना."