चपलांचा हार

गळ्यात चपलांचा हार घालून ट्रक हाकणारा माणूस शालूबाईनं जन्मात एकदाच बघितला, आणि त्या दिवशी ती त्याच्याच ट्रकात बसली होती.

माणसाला उडवून पळालात तर दहा वर्षं आत, असा नवा कायदा आला म्हणून ड्रायव्हर लोकांनी संप पुकारला होता. कायदा करणाऱ्यांचं काय बिघडलं? त्यांच्या गाड्यांच्या टाक्या भरलेल्या. इकडं दहिवडीचे पंप कोरडे, वडापच्या जीपगाड्या बंद, भाजी जागच्या जागी सडलेली, आणि शालूबाईचे यजमान लालासाहेब अंथरुणात सुजत चाललेले. पलटणीत डोंगर चढलेला माणूस, पण दोन्ही किडन्या गेलेल्या. साताऱ्याला दवाखान्यात जाऊन रक्त धुऊन घेतलं तरच जगायचे, आणि एक खेप आधीच हुकलेली. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "डिझेल आणा, मी येतो."

गावात टाकीत डिझेल असलेला ट्रक एकच. आकारामचा. तोही संपात, म्हणून देवळामागं उभा.

पण आकारामच्या दारात जायचं कुठल्या तोंडानं? परवाच पारावर ती सगळ्यांदेखत बोलली होती, "दहा वर्षं कशाला? फासावर द्या एकेकाला!" आकाराम तिथंच बसला होता. बोलायचा तिला हक्क होता. तिचा पृथ्वीराज कुपवाडला कारखान्यात कामाला होता. सकाळी कामावर जाताना एका ट्रकनं त्याला मोटारसायकलसकट उडवलं आणि ट्रक थांबला नाही. पोरगं रस्त्यावर तडफडून गेलं. कुणीतरी मागच्या फाळक्यावरची अक्षरं तेवढी वाचली : 'आईची पुण्याई'. पोलीस हसले. "मावशी, हे तर निम्म्या ट्रकांवर असतं."

आकारामच्या ट्रकवरही तेच होतं.

ती दारात जाऊन उभी राहिली. आकाराम जेवत होता. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ताटातच हात धुतला.

"लालासाहेब तात्या चालत येत्यात, का उचलून आणायचं?" एवढंच विचारलं.

पुसेगावच्या पुढं संपवाल्यांनी ट्रक अडवला.

"उतर खाली, फितुरा! हार घाला रं ह्याला!"

हार तयार नव्हता. मग पायातल्याच चपला काढून सुतळीत ओवल्या. शालूबाई खिडकीतनं ओरडली, "आरं, माणूस मरतोय हितं!" कुणी ऐकेना. आकारामनं उतरून मान पुढं केली.

"घातला न्हवं? सोडा आता वाट."

"थांब, फोटू काढू दे."

"काढा. डोळं मिटलं तर परत काढा. पर बिगीबिगी."

हशा पिकला, आणि वाट मिळाली.

"काढ की ते गळ्यातलं," शालूबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या काकी. फुडं आणखी टोळी आसंल. ह्याला घालून झालाय म्हणून सोडतील तरी."

कोरेगाव मागं पडलं. तिनं शेवटी विचारलंच. "माझ्या पोराला तू उडवलं आसतंस, तर थांबला आसतास?"

"खरं सांगू का बरं वाटंल आसं सांगू?"

"खरं."

"ठावं न्हाई, काकी. आमच्यातला एकजण थांबला व्हता, लोकांनी त्याचा डोळा फोडला. थांबलं तर लोक ठेचत्यात, पळालं तर दहा वर्षं. त्या वक्ताला पाय काय करतील, पायालाच ठावं."

शालूबाईला राग यायला पाहिजे होता. आला नाही. पोलीस, वकील, पुढारी, सगळ्यांनी तिला बरं वाटेल असं सांगितलं होतं. खरं सांगणारा हाच पहिला.

रक्त धुऊन झालं. लालासाहेबांनी डोळे उघडून चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कुरकुर केली. ती कुरकुर ऐकून शालूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली.

परतताना संपवाले तिथंच होते. अनवाणी. थंडीनं पाय वर-खाली करत.

"मावशी, तेवढ्या चपला द्या की," एकजण खालमानेनं म्हणाला. "म्हातारा जगला का?"

आतनं लालासाहेबच ओरडले, "जगलाय! घाल चप्पल, लय थंडी हाय!"

शालूबाईनं आकारामच्या गळ्यातला हार स्वतःच्या हातानं काढला, सुतळी सोडली आणि खिडकीतनं एकेक चप्पल ज्याची त्याला दिली.

पळणारा आत गेलाच पाहिजे, हे ती आजही पारावर ठणकावून सांगते. फक्त 'एकेकाला' म्हणत नाही.

त्या दिवशी गावात उतरल्यावर आकाराम घराकडं वळला, तसा तिनं त्याचा दंड धरला.

"कुठं निघालास? अर्ध्या ताटावरनं उठवलंय तुला मी. चल, भाकरी टाकते. आणि पोट भरल्याबिगार ताटात हात धुतलास, तर बघ!"