धावपट्टीवरच्या पांढऱ्या टीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टी आहे. इंग्रजीतलं टी अक्षर तुम्ही पाटीवर गिरवता ना, अगदी तसा. फक्त बैलगाडीएवढा लांब, आणि जन्मभर जमिनीला पाठ लावून पडलेला. आता माझा रंग उडाला आहे, एक टोक वाळवीनं खाल्लं आहे आणि दुपारच्या वेळी माझ्यावर शेळ्या बसतात. पण एके काळी मी दाखवीन त्या बाजूनं विमानं उतरत होती.

माझा जन्म निर्मल गावचा. लाकडाचे आंबे आणि पोपट रंगवणाऱ्या एका कारखान्यात मला सागवानातून घडवलं. तिथला रंगारी माझ्यावर नाराज होता. "नुसता पांढरा? कोपऱ्यात एक पोपट तरी काढू द्या," असं तो म्हणाला. घ्यायला आलेल्या माणसानं सांगितलं, की याला शोभायचं नाही, वरून दिसायचं आहे.

मग मला नेरडीगोंड्याच्या अलीकडल्या माळावर आणलं. तिथं मुरमाची धावपट्टी होती आणि चारी बाजूंनी कपाशी. हंगामात लहान विमानं यायची आणि कपाशीवर औषध फवारायची. मोठ्या विमानतळावर उंच मनोरा असतो. त्यात बसलेला माणूस विमानांना सांगतो, की तू आधी उतर, तू जरा थांब. आमच्याकडे मनोरा नव्हता. खांबावर वाऱ्यानं फुगणारी एक कापडी पिशवी होती, आणि खाली मी. विमानाला वाऱ्याला तोंड देऊन उतरावं लागतं. म्हणून वारा पश्चिमेचा असला की माझी आडवी फळी पश्चिमेकडे. वैमानिक वरून मला बघत आणि सगळे एकाच बाजूनं येत. दोघं समोरासमोर येऊ नयेत, एवढंच माझं काम.

मला फिरवण्याचं काम चौकीदार रामाजीचं. मी खालून बघतो, त्यामुळे माणसं मला तळव्यांवरून कळतात. रामाजीच्या टायरच्या चपला दोन्हीकडे सारख्या झिजलेल्या. असा माणूस ना कुणाकडे झुकतो ना कुणापासून पळतो, असं मी माझ्या मनाशी टिपून ठेवलं होतं. ती नोंद एकदाच चुकली.

मला हात लावण्याआधी तो कानामागे तळवा धरायचा, आभाळभर नजर फिरवायचा आणि स्वतःलाच विचारायचा, "वर कोन हाय?" वर कुणी असलं, तर ते उतरेपर्यंत मी जागचा हलायचो नाही. मग तो वहीत लिहायचा : वारा कुठला, टी कुठं, वर कोण. त्याची बायको द्वारकाबाई डबा घेऊन आली, की म्हणायची, "अवो, आभाळाकडं पायता तेवढं मायाकडं पायलं असतं, तर मीबी उडाली असती."

"तू उडशीन, पन उतरशीन कुठं? तुले बी टी लागन," रामाजी म्हणायचा.

फवारणीच्या विमानाचे वैमानिक बख्शीसाहेब. त्यांच्या बुटांना औषधाचा उग्र वास. विमानात रेडिओ नव्हता; होते ते डोळे. निघताना ते माझ्या फळीवर टाच आपटून विचारायचे, "क्या रामाजी, आज तेरा टी किधर देख रहा है?" रामाजी म्हणायचा, "जिधर से हवा आती, साब." चार हंगाम हेच प्रश्नोत्तर झालं. चार हंगामांत मी एकदाही खोटं बोललो नाही.

एकोणीसशे शहात्तरच्या सप्टेंबरात हैदराबादेहून एक मोठे साहेब विमानानं येणार अशी वर्दी आली. धावपट्टीच्या पूर्व टोकाला, उत्तरेच्या अंगाला मांडव पडला. शाळेची पोरं रांगेत उभी राहिली, बँडवाले आले. कापूसवाल्यांचे पुढारी चंपतराव कोऱ्या धोतरात हिंडत होते. त्यांना खांबावरची पिशवी दिसली. "ही फाटकी तुमान कोनं टांगली? साहेब काय म्हनतीन?" म्हणाले आणि पिशवी उतरवून तिथं पताका बांधली. फाटलेली असली, तरी वारा तिलाच कळत होता. पताकेला नुसतं फडफडता येत होतं.

मग माझ्याजवळ तहसिलीचे पेशकार उद्धवराव आले. त्यांच्या बुटांचं मी आधीच टिपलं होतं : रामाजीसमोर टाचा आपटत, मोठ्यांसमोर फक्त चवड्यांवर.

"रामाजी, विमान उतरून कुठं जाऊन थांबन?"

"पश्चिमेकडं, साब. वारा तिकडून हाय."

"म्हंजे मांडवाकडं पाठ? समद्या पब्लिककडं साहेबाची पाठ? आन धूळ हारावर? फिरव याले. मांडवाकडं तोंड कर."

"साब, वारा मागून पडन."

"वाऱ्याले मी नोटीस देतो. तू टी फिरव."

रामाजीनं कानामागे तळवा धरला. दक्षिणेकडच्या शेतांवरून इंजिनाचा आवाज येत होता. "बख्शीसाब वर हायत," तो म्हणाला. "ते उतरू द्या, मग फिरवतो."

"अरे, तो काय आंधळा हाय का? वरून पाहीन आन तसाच उतरन. तुले नौकरी करायची का नाई?"

मित्रांनो, रामाजी किती वेळ उभा होता ते मला माहीत आहे, कारण त्याच्या चपला माझ्याजवळ होत्या. त्या एकदा मागे सरल्या, मग पुढे आल्या. त्यानं मला फिरवलं. माझी फळी पूर्वेकडे झाली आणि पश्चिमेचा वारा माझ्या मागून येऊ लागला.

पाहुण्यांचं विमान आलं. त्यानं वरून एक चक्कर मारली. पिशवी दिसेना म्हणून मला पाहिलं, आणि माझ्यावर भरवसा ठेवून पश्चिमेच्या टोकाकडून उतरायला लागलं. त्याच्याकडे रेडिओ होता. तो बोललाही असेल, पण ऐकायला माळावर कुणी नव्हतं. त्याच वेळी टाकी भरायला बख्शीसाहेब परत फिरले. सकाळभर ते त्याच वाऱ्यात फवारत होते. वारा कुठला हे त्यांना मला विचारायची गरज नव्हती, आणि मी त्यांना कधी फसवलं नव्हतं. ते नेहमीसारखे पूर्वेकडून, मांडवाच्या बाजूनं खाली आले.

धावपट्टीच्या वर दोघं एकमेकांना दिसले. समोरासमोर आलं, की दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, असा वैमानिकांचा नियम असतो. पाहुणे उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला वळले. बख्शीसाहेबांच्या उजवीकडे मांडव होता. मांडवाखाली पोरं होती, आणि विमानाच्या टाकीत तळाशी औषध शिल्लक होतं. ते डावीकडे वळले. तीही दक्षिणच.

पंखाला पंख लागला. फांदी मोडावी एवढाच आवाज झाला. मग दोन्ही विमानं कपाशीत पडली, आणि बँडवाल्यांपैकी कुणाला तरी ते उशिरा कळलं. एक सनई तेवढा वेळ वाजत राहिली.

पाहुण्यांच्या विमानात वैमानिक होता आणि हातात पाकीट धरलेला एक कारकून. पाकिटात चिठ्ठी होती, की तातडीच्या बैठकीमुळे साहेबांना येता येत नाही, क्षमस्व. ज्यांची पाठ दिसू नये म्हणून मला फिरवलं, ते हैदराबादेतच होते. बख्शीसाहेब, तो वैमानिक, तो कारकून, तिघांपैकी एकही वाचला नाही.

लोक कपाशीकडे धावत होते तेव्हा एक बुटांची जोडी उलट दिशेनं माझ्याकडे आली. उद्धवरावांनी स्वतःच्या हातांनी मला पुन्हा पश्चिमेकडे फिरवलं. मी परत खरं बोलू लागलो. पण आता बघायला वर कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे अधिकारी येणार होते. त्याआधी उद्धवराव रामाजीपाशी येऊन बसले. चक्क जमिनीवर बसले. "पाय रामाजी, टी सरळ हाय. त्या पावन्या वैमानिकानं पायला नाई, चूक त्याची. मेलेल्याची काय नौकरी जाते? वहीचं तेवढं पान फाड."

रामाजीनं वही जवळ ओढली. डबा घेऊन उभी असलेली द्वारकाबाई बोलली. "पेशकारसाब, त्या पायलटाची बी मायबायको असन. तिले सांगतीन का, तुया मानसाले दिसत नव्हतं म्हून?"

अधिकारी आले. त्यांनी रामाजीला विचारलं, की टी कुठं होता. रामाजीनं वही उघडली आणि वाचून दाखवलं : "वारा पश्चिमेचा. टी पूर्वेला, पेशकारसाहेबांच्या हुकमानं. वर बख्शीसाहेब." मग वही मिटून म्हणाला, "हुकूम त्यायचा, पन हात माहे. वर कोन हाय, ते मले मालूम होतं. मालूम असून फिरवला."

पाहुण्या वैमानिकावर येऊ पाहणारा ठपका टळला. रामाजीची नोकरी गेली. उद्धवरावांची बदली झाली. चांगल्या गावी झाली, असं ऐकतो.

धावपट्टी बंद पडली. तिच्यावर आता कपाशी आहे. मला कुणी नेत नव्हतं, म्हणून रामाजीनं उचलून आपल्या अंगणात टाकलं. इथं माझा काही उपयोग नाही. तो मला शेळ्यांसाठी म्हणून घेऊन आला, पण पहिल्याच दिवशी त्यानं बोट ओलं करून वारा पाहिला आणि मला सरळ ठेवलं. अजूनही वारा बदलला, की म्हातारा काठी टेकत येतो. शेळ्यांना उठवतो. कानामागे तळवा धरतो. हल्ली त्याला ऐकू येत नाही, म्हणून द्वारकाबाईला विचारतो, "वर कोन हाय?"

"कोनी नाई," ती म्हणते. "फिरवा आता."

मित्रांनो, लाकडाला मन वळवता येत नाही. माणूस फिरवील तिकडे ते फिरतं. तुमच्याही हाताशी उद्या अशी एखादी खूण येईल, जिच्या भरवशावर तुम्हाला न दिसणारं कुणी चाललेलं असेल. कुणी म्हणेल, मांडवाकडे तोंड कर. तेव्हा तुमच्या चपला एकदा मागे सरतील. त्या तिथंच राहू द्या.