रक्त काढल्याची वेळ

“उद्याबी झुंबरबाईंचं दुसरं रक्त दुपारी बरोबर एकलाच काढा, गेल्या खेपेसारखं,” बाबालालनं बजावलं.

सिस्टर क्रांती हसली. “अवो चाचा, गेल्या खेपंला एकला कुठलं? चारला काढलंया! अपघाताची केस आलती, जेवायला सवड न्हवती. पर चार्टात एक छापलंय की, म्हणून एकच लिवलं. उशीर दिसला की मेट्रनबाई वरडत्यात.”

बाबालाल तडक खाली, औषधांच्या खोलीत आला.

या दवाखान्यात औषधं देता देता त्याची तेवीस वर्षं गेली होती. एक्सेल तो लेकीकडून, सुहानाकडून शिकला. रक्तातल्या औषधाचे दोन आकडे आणि रक्त काढल्याच्या दोन वेळा भरल्या, की ते औषध किती तासांत निम्मं होतं हे शीट सांगायचं. मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, “बाबालालच्या शीटला विचारा.” केवढा तोरा होता त्याला त्या शीटचा!

झुंबरबाईंचं औषध तीन तासांत निम्मं होतं, म्हणजे झपाट्यानं उतरतं, असं शीट म्हणालं. म्हातारी पेठ वडगावची, मूत्रपिंडं नाजूक. हे इंजेक्शन अंगात साचलं तर कान घेऊन जातं. तरी शीटवर भरवसा ठेवून त्यानंच डोस दुप्पट करायला सांगितला होता. त्याला चार दिवस झाले.

त्यानं एक पुसून चार टाकले. तीन तासांचे सहा झाले. शीटमधली औषधाची रेषा खाली यायला तयारच नव्हती. पावणेदोन वाजले होते. दोनला पुढचं इंजेक्शन. गुपचूप दुरुस्त केलं तर कुणाला कळणार, असंही मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

“साहेब, दोनचं इंजेक्शन थांबवा,” डॉक्टरांसमोर त्याला धाप लागली होती. “चूक माझी हाय. आकडे बघितले, पर वेळ खरी का, हे इचारलं न्हाय मी.”

इंजेक्शन थांबलं. मग तो वॉर्डात गेला. एरवी त्याच्या चपलांची करकर ऐकली की झुंबरबाई खाटेवरूनच ओरडायच्या, “पावणं, आलासा व्हय?” आज त्या खिडकीकडे तोंड करून वेणी घालत होत्या.

“मावशी!” त्यानं मोठ्यानं हाक मारली. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून वळली. झुंबरबाई वळल्या नाहीत.

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “मावशी, माफ करा मला,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला.

झुंबरबाईंचा चेहरा खुलला. “आलासा व्हय पावणं? मग बोला की! नुसतं तोंड काय हलवतासा?”