सहा ते दहा

२०२४ सालच्या नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी, सहाला पाच मिनिटं असताना, अख्तरबींनी फ्रीजचा प्लग काढला आणि आतलं दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं. टीव्ही बंद, पाण्याची मोटार बंद. त्यांच्या सुनेने, आसियाने, अर्धवट झालेलं वाटण मिक्सरमधून काढून पाट्यावर घेतलं.

माधवनगरच्या त्यांच्या गल्लीत ज्या घरांच्या छतावर सौर पॅनल आणि जिन्याखाली बॅटरी होती, त्यांच्यासाठी वीज घेणाऱ्या कंपनीने त्या वर्षी एक योजना आजमावून पाहिली होती. दुपारी विकलेली वीज कवडीमोलाने जायची. तीच बॅटरीत साठवून संध्याकाळी सहा ते दहा बाहेर सोडली की तिप्पट भाव. बॅटरी आपली आपण वीज सोडायची. घरच्यांनी तेवढे चार तास ती वापरायची नाही. मस्कतला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा, आसियाचा नवरा फारूक, हे सगळं फोनवर बघायचा. इथे कुणी इस्त्री लावली की तिकडे त्याच्या पडद्यावरची रेषा उठायची, आणि दहा वाजता घरचा फोन वाजायचा.

"साडेसातला काय लावलं हुतं?"

अख्तरबींना यात नवं काही वाटलं नव्हतं. एकाहत्तर साली त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा गिरणीचा भोंगा घर चालवायचा. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा. नवरा, कुतुबुद्दीन, रात्रपाळीवरून येऊन झोपले की दिवसभर भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. भोंगा थांबला, कुतुबुद्दीनही गेले, पण त्यांचे हात अजून वेळेवर चालत. मुलाने सहा म्हटलं, त्यांनी सहा धरलं.

वाटताना आसियाचा हात मध्येच थांबत होता. रहिमतपूरला माहेरी तिचं शिक्षण दहावीवर सुटलं होतं. सप्टेंबरात तिने बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. सांगलीत स्वप्नाली मॅडम अशा बायकांचा वर्ग घ्यायच्या, साडेसहा ते नऊ. पंधरा दिवस आसिया गेली नव्हती. दुपारी मॅडमचा निरोप आला होता: आज आली नाहीस तर हजेरी भरणार नाही, आणि हजेरीशिवाय परीक्षा नाही.

फारूकने तिला अडवलं होतं, तेही आवाज न चढवता. "अम्मीला त्या बॅटरीतलं काय कळतंय? सहा ते दहा तू घरात पायजेस. उन्हाळा झाल्यावर बघू." परीक्षा फेब्रुवारीत होती.

"वर्ग कितीला भरतोय?" अख्तरबींनी विचारलं.

"साडेसहाला. ऱ्हाऊ द्या अम्मी."

"मी काय धरून ठेवलंय तुला?"

"तुमी न्हाई. त्या पेटीनं धरलंय." आसियाने जिन्याकडे मान उडवली. "माझ्यापरीस तिचीच बडदास्त लय."

अख्तरबींच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. उठून त्या जिन्याखाली गेल्या. बॅटरीवरचा हिरवा दिवा उघडझाप करत होता.

"ही वीज बाहेर जायला आपण काय करतो गं?"

"काय न्हाई. आपलं आपण जातंय."

"मग आपण कशाला बसतो?"

"घरात कुणी काय लावू नये म्हणून."

"कोण लावणार? तू आणि मीच की."

अख्तरबींनी हात वर करून घराकडचा मेन स्विच खाली ओढला. स्वयंपाकघरातला एकुलता एक दिवा गेला; बॅटरीवरचा हिरवा तसाच उघडझाप करत राहिला.

"बुरखा घाल. पुस्तकं घे, पिठाच्या डब्यामागची."

आसिया पाट्यावरून उठली ती तशीच ओल्या हातांनी उभी राहिली. "तुमाला ठाऊक हुतं?"

"पीठ रोज मीच काढते."

"आणि तुमी?"

"परत येताना रिक्षात एकटी बसणार व्हय? चल."

वर्गात अख्तरबी शेवटच्या बाकावर बसल्या. स्वप्नाली मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्हीपण फॉर्म भरलाय का?"

"न्हाई बाई. मी घर बंद करून आलीया."

बायका हसल्या. आसियाने हजेरीपटावर सही केली.

दहाला मेन स्विच वर केला, तोवर फोन वाजत होता.

"अम्मी, आज रेषा पार तळाला टेकली. इतकी खाली कधीच आली नव्हती. काय केलंस?"

अख्तरबींनी आसियाकडे पाहिलं. ती फ्रीजचा प्लग लावत होती.

"काय न्हाई. दोघी गप बसलो."

"मग रोज असंच करा. एक दिवस पण सोडू नका."

"रोज?"

"रोज."

"बरं," अख्तरबी म्हणाल्या. "तू म्हणतोस तर."

स्वप्नाली मॅडम पुढच्या वर्षी लग्न होऊन तासगावला गेल्या. वर्ग आता त्यांची मैत्रीण चालवते. आसिया बारावी झाली आणि मिरजेत रक्ततपासणीचा कोर्स करते आहे. तिने घरी बसूनच अभ्यास केला असं फारूक धरून चालला आहे; निकालाच्या दिवशी त्याने खोलीतल्या सोबत्यांना मिठाई वाटली. योजना वर्षभरात गुंडाळली गेली. आता दिवसभर एकच भाव.

परवा त्याने फोनवर विचारलं, "अम्मी, आता कितीबी दिवे लावा म्हणून सांगितलंय न्हवं? तरी सहा ते साडेनऊ घर अंधारात कसं?"

अख्तरबींच्या मांडीवर दुरेघी वही होती. मॅडमच्या मैत्रिणीने उद्यासाठी दोन पानं शुद्धलेखन दिलं होतं.

"सवय लागली, बाबा," त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं.