काकू पुढे होत्या तो रविवार

"आज मी मागे," एवढंच बोलून कप्तानांनी सायकल वळवली आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नदीकाठच्या मोकळ्या जागेत हेल्मेटचे पट्टे आवळत असलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"मग पुढे कोण?" गॉगलवाल्याने विचारलं. हा बँकेतला तरुण झोपतानाही गॉगल काढत नसावा, असा सगळ्यांचा समज होता.

"काकू."

कप्तान म्हणजे कुठल्या जहाजावरचे नव्हेत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आठवडाभर पंक्चर काढायचे, ब्रेकच्या तारा ओढायच्या, चेनच्या तेलाने काळे झालेले हात घासत बसायचं. आणि रविवार उजाडला की गिऱ्हाइकांमधल्या हौशी लोकांना जाड टायरच्या सायकलींवर घेऊन निघायचं. आधी नदीचं खोरं, मग जंगल, आणि जंगलाच्या डोक्यावर तो अफाट माळ. वीसबावीस वर्षं हा नेम चालला होता. पुढे कप्तान आणि सगळ्यात मागे त्यांची बायको, जिला गटातले लहानथोर सगळे काकू म्हणत.

शेवटच्या सायकलीचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही. ज्याची चेन उतरली त्याच्याजवळ थांबायचं, ज्याला धाप लागली त्याच्याशी गप्पा मारत त्याला चालवत न्यायचं, ज्याचं धैर्य सुटलं त्याला, "अहो, आलंच की आता," असं खोटं सांगायचं. काकूंनी हे कधीपासून अंगावर घेतलं? तर पहिल्याच वर्षी. कप्तानांना तेव्हा पुढे जायची इतकी घाई असायची की एक बिचारा मागच्या मागे जंगलात राहिला आणि यांना माळावर पोचेपर्यंत पत्ता नाही. काकू एकट्या परत फिरल्या, त्याला घेऊन आल्या, आणि त्या दिवसापासून मागेच राहिल्या. देवाने माणसाला डोळे पुढे दिले खरे, पण मान वळती ठेवली, त्यात त्याचा काही हेतू असणारच. कप्तानांनी ती मान फारशी वापरली नाही.

माळावर वर्षातून थोडेच दिवस जांभळी फुलं येतात. गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, एरवी कुणी ढुंकून बघणार नाही अशी; पण फुलली की क्षितिजापर्यंत जांभळं. काकूंनी एकदा, फार वर्षांपूर्वी, दुकानात ट्यूबला ठिगळ लावता लावता म्हटलं होतं, की मला एकदा पुढे जाऊ द्या. माळ मोकळा बघायचाय. मी पोचते तेव्हा सगळी गर्दी तिथं पसरलेली असते, मला फुलांपेक्षा तुम्हा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. कप्तान हसले होते. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाले होते. पुढच्या वर्षी गटात नवीन लोक फार होते. त्याच्या पुढच्या वर्षी लेकीची परीक्षा होती. मग असंच काहीबाही. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही आणि कप्तानांना ते सोयीचं पडलं.

आता बुधवारी काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वाटी पार झिजलेली. नवा गुडघा बसला की चालाल, जिने चढाल, पण दगडधोंड्यांतून सायकल विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. या बाईने आजच्या रविवारीसुद्धा जाऊ नये असंच त्यांचं मत होतं. पण माळ फुलायचे दिवस होते. शनिवारी दुकान बंद करताना कप्तान एकदम म्हणाले, "उद्या तू पुढे चल." काकूंनी शटरची कडी लावली, कुलूप ओढून बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं."

नदीकाठाची वाट मोठी सुरेख झाली. काकू पुढे अगदी ताठ बसून चालल्या होत्या. पाणी उजवीकडे, मऊ मातीची वाट, दव पडलेलं गवत. फक्त एक गोष्ट व्हायची; दर वळणावर काकू थांबायच्या आणि मागे बघत उभ्या राहायच्या. लेक त्यांच्या मागोमाग होती. ती हसून सांगायची, आई, अगं चल, बाबा आहेत मागे. काकू निघायच्या आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबायच्या.

मागे कप्तानांच्या वाट्याला आले होते एक जाडजूड मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, गटात नवीन. चढ आला की ते खाली उतरून सायकलला असे टेकायचे, जणू सायकलच दमली आहे.

"कप्तान, नकाशात हा भाग सपाट असतो," मास्तर घाम पुसत म्हणाले.

कप्तानांना हसू आलं, पण पाय शिवशिवत होते. पुढची मंडळी लाकडी पुलाजवळ थांबली होती. पाणी पीत होती, टिंगल चालली होती. मास्तरांना घेऊन कप्तान तिथे पोचले तशी सवयीप्रमाणे सगळी उठली. आता बघा, गटाचा नियमच तो. शेवटचा आला की निघायचं. नियम कप्तानांचाच. इतकी वर्षं ते आधी पोचायचे, ऐसपैस बसायचे, आणि काकू झाडीतून बाहेर पडताना दिसल्या की टाळी वाजवून म्हणायचे, चला, सगळे आले. त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, की जो शेवटी येतो त्याला बसायला मिळतच नाही.

पण काकू उठल्या नाहीत. "बसा रे," त्या म्हणाल्या. "ते दोघं आत्ता आलेत."

मंडळी परत बसली. कप्तानही बसले. मास्तर तर आडवेच झाले. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. कप्तानांनी ती घेतली. या पुलाजवळ ही बाई किती वेळा येऊन बसली, असा हिशेब मनात सुरू झाला आणि उत्तर येण्याआधीच त्यांनी तो सोडून दिला.

पुलापलीकडे जंगल. तिथे चूक झाली, आणि ती चूक अशी की बाहेरच्या माणसाला सांगून पटायची नाही. वीसबावीस वर्षं त्या वाटेने गेलेली बाई वाट कशी चुकेल? तर ऐका. मागे राहणाऱ्याची वाट वेगळी असते. काकूंनी कधी झाडं, खुणा, वळणं बघून वाट काढलीच नव्हती. त्यांना गरजच नव्हती. पुढे गेलेल्यांच्या टायरचे ठसे ओल्या मातीत उमटलेले असायचे, त्यांवरून त्या जायच्या. नजर एक तर ठशांवर, नाही तर दमलेल्या माणसावर. जंगलात एका आडव्या पडलेल्या झाडापाशी वाट फुटते. डावी माळाकडे चढते, उजवी खाली ओढ्यात उतरते. आदल्या दिवशी दुसरा कुठला तरी गट उजवीकडे गेला असावा. ताजे, ठळक, जाड टायरचे ठसे. काकूंच्या नजरेने ते धरले आणि त्या उतरल्या. त्यांच्यामागे लेक, लेकीमागे गॉगलवाला, सगळी रांग. उताराच्या मजेत कुणाला शंका आली नाही. लेकीला वाट माहीत होती, पण ती मागे वळून कुणाशी तरी बोलत होती.

कप्तान मास्तरांना ढकलत त्या झाडापाशी आले आणि त्यांनी ठसे पाहिले. क्षणात सगळं समजलं. त्यांनी हाका मारल्या, पण खालून ओढ्याचा आवाज मोठा होता.

मी तिला पुढे केलं, पण वाट दाखवली का? एकदा तरी, शनिवारी, बोटाने? तिला ठाऊकच असणार, असं धरून चाललो. तिच्या बाबतीत मी सगळंच धरून चाललो. कप्तान तिथे उभ्या उभ्या स्वतःलाच असं काय काय बोलत होते.

बऱ्याच वेळाने मंडळी परत वर आली, सायकली ढकलत. तो चढ चालायलाही कठीण. पायांची बोटं रुतवत, दगडांना धरत. सगळ्यात शेवटी काकू आल्या. सायकल लेकीने धरली होती. काकूंनी कुठून तरी काठी मिळवली होती आणि उजवा पाय त्या ठेवत नव्हत्या, ओढत होत्या. गुडघा सुजून विजार त्यावर तट्ट बसली होती.

त्या आडव्या पडलेल्या झाडावर त्या बसल्या. गॉगलवाल्याने गॉगल काढला होता.

"माझीच नजर," काकू म्हणाल्या. "ठसे दिसले की निघालेच."

कप्तान खाली बसून गुडघा बघायला लागले. हात लावला तशी त्या कळवळल्या. मग कप्तानांनी ठरवून टाकलं. सगळ्यांनीच परत जायचं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग कप्तान म्हणाले, लेक या मंडळींना घेऊन जाईल, मी तुझ्याबरोबर खाली येतो.

"आणि मागे कोण?"

"असेल कुणीतरी."

काकूंनी आवाज खाली आणला. "त्या मास्तरांकडे बघा. ओठ सुकलेत त्यांचे. हे सगळे पुढे पळतील आणि तो माणूस लाजेने हाक मारायचा नाही. तुम्ही जा."

"आणि तुला एकटीला सोडू?"

"मला उतारच आहे. पुलापर्यंत सायकलच काठी, पुढे नदीकाठानं सीटवर बसून घसरत जाईन." मग दुसरीकडे बघत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मीही मागे एकटीच होते की हो."

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच कप्तानांना सोसेना. टोमणा असता तर उलट काही बोलता आलं असतं, नवराबायको भांडले असते, मोकळे झाले असते. काकूंनी लेकीच्या हेल्मेटचा पट्टा नीट केला, मास्तरांना सांगितलं की लहान गिअर टाका आणि चाकाकडेच बघा, वर बघू नका. मग सायकलवर भार देऊन, ब्रेक धरत धरत त्या उतरायला लागल्या. कप्तान पाठमोऱ्या काकूंकडे त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले.

जंगल संपलं आणि माळ लागला. असा फुलला होता की मास्तरसुद्धा धाप विसरले. वारा आला की सगळं जांभळं एका बाजूला झुकायचं आणि परत सावरायचं. पुढची मंडळी आधीच पोचून फुलांत लोळत होती, फोटो काढत होती. कप्तानांना दिसल्या त्या पाठी. रंगीबेरंगी टी-शर्टांमधल्या, चिखल उडालेल्या, ओळीने. ते पोचले तशी मंडळी कपडे झटकत उठायला लागली.

लेक म्हणाली, बाबा, बसा थोडं. कप्तान म्हणाले, नको, निघू. सायकल हातात धरून ते झुडपांतून थोडे आत गेले, तोंड पलीकडे करून उभे राहिले, आणि परत आले. मग सगळ्यांना जवळ बोलावून ते हलक्या आवाजात काही बोलले. गॉगलवाल्याने मान डोलावली आणि फोन पाठीवरच्या पिशवीत तळाशी घातला.

सगळे नदीकाठच्या मोकळ्या जागेत परत आले तेव्हा काकू तिथल्या नळापाशी होत्या. सायकली आणणाऱ्या टेम्पोच्या मागच्या फळीवर बसलेल्या, पाय उलट्या बादलीवर ठेवलेला, गुडघ्यावर ओला टॉवेल. हातात पाण्याचा पाइप. स्वतःची सायकल धुऊन त्यांनी कडेला उभी केली होती. एकेकाची सायकल समोर येत होती आणि त्या बसल्या बसल्या चिखल उडवत होत्या.

"कुणी राहिलं नाही ना मागे?"

"नाही."

"मास्तर?"

"आले की. स्वतःच्या पायांनी आले."

काकू समाधानाने हसल्या. मग पाइपचं तोंड अंगठ्याने दाबत त्यांनी विचारलं, "फुलला होता का?"

मंडळी एकदम हेल्मेट काढण्यात, बाटल्या शोधण्यात गर्क झाली.

"कुठलं काय," कप्तान म्हणाले. "यंदा उशीर दिसतोय. नुसत्या कळ्या."

"हो का."

कप्तानांची सायकल सगळ्यात शेवटी आली. काकूंनी तिचं मागचं चाक हाताने फिरवलं. टायरच्या दातांत चिखल घट्ट बसला होता, आणि चिखलात, साखळीत, गिअरच्या चकत्यांत जांभळा चुरा अडकला होता. चाक फिरत फिरत थांबलं. काकूंनी बोटाच्या पेराने थोडा चुरा उचलला, बघितला. मग बोट विजारीला पुसलं आणि पाइप चाकाकडे वळवला.

पाणी खाली जांभळट होऊन चिखलातून वाहायला लागलं, कप्तानांच्या पायांपर्यंत आलं.

"बाजूला व्हा," काकू म्हणाल्या. "बूट भिजतील."